पक्षी बघायचेत? आधी भरतीची वेळ बघा

पहिल्यांदा शिवडीच्या जेट्टीवर गेले तो जानेवारीतला रविवार होता, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा. सकाळचे साडेसात. समोर नजर पोचेल तिथवर करडा, चकाकता चिखल आणि पार पलीकडे एक गुलाबी रेघ. ती रेघ म्हणजे हजारो रोहित, अर्थात फ्लेमिंगो, होते, पण दुर्बिणीतूनही त्यांच्या माना आणि पाय वेगळे दिसेनात. त्यात ऊन थेट डोळ्यांवर. पाऊण तासाने मी निघाले, तर जाळं सांधत बसलेले एक कोळी काका म्हणाले, "झालं एवढ्यात? पाणी लागू दे, पाखरं हितं पायाशी येतील." मी थांबले. साडेनवाच्या सुमारास पाणी चिखलावर सरकायला लागलं आणि ती गुलाबी रेघ त्याच्या पुढे पुढे, चालत, आमच्याकडे यायला लागली. दहा वाजता रोहितांच्या चोचीतून गळणारं पाणी नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

जंगलात पक्षी बघायचे तर पहाटे उठायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खाडीवर तेवढं पुरत नाही. इथल्या पक्ष्यांचं जेवण ओल्या चिखलात असतं आणि तो चिखल दिवसातून दोनदा झाकला जातो, दोनदा उघडा पडतो. त्यांची झोप, जेवण, उडणं सगळं पाण्याबरोबर चालतं. म्हणून खाडीकाठच्या पक्षीनिरीक्षणाची सुरुवात दुर्बिणीपासून न करता पंचांगापासून करावी, असं मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

उदाहरणासाठी आपली ठाण्याची खाडी घेऊ. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला नवी मुंबई, आणि मधे कांदळवन, चिखल आणि पाणी. खाडीचा १,६९० हेक्टर भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचं हे महाराष्ट्रातलं तिसरं रामसर स्थळ. लोकलने पोचता येईल अशा अंतरावर एवढी मोठी पाणथळ जागा असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पाण्याचा हिशेब

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. षष्ठी असेल तर सहा पाऊणे साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबईत बाराच्या आसपास पाणी चढतं. हीच वेळ दिवसाही धरायची आणि रात्रीही, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं. रोज भरती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक या रीतीत होऊ शकते, त्यामुळे तारीख ठरवताना ती वापरा आणि निघण्याआधी मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून खात्री करा. आणखी एक लक्षात ठेवा: वेळापत्रक बहुधा मुंबई बंदराचं असतं. खाडीत जितके आत, ठाण्याच्या बाजूला जाल तितकं पाणी उशिरा पोचतं.

आता या वेळेचं करायचं काय? पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलभर विखुरलेले असतात, फार लांब. पूर्ण भरतीला चिखलच नसतो, म्हणून ते विश्रांतीला दुसरीकडे जातात. बघण्याची खरी वेळ या दोहोंच्या मधली: भरतीच्या आधीचे तीन ते एक तास, किंवा भरतीनंतरचे एक ते तीन. चढतं पाणी मला जास्त आवडतं, कारण ते पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. आपण हलायचं नाही, तेच येतात.

उधाण आणि भांग यांतला फरकही सुरुवातीलाच समजून घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, चिखल पूर्ण बुडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. तेव्हा भरतीलाही कडेचा थोडा चिखल उघडा राहतो आणि पक्षी तिथेच चरत बसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचा दिवस निवडला तर घाई होत नाही. उधाणाच्या दिवशी दृश्य भव्य दिसतं, पण पाणी भराभर बदलतं आणि पक्षी ओळखायला उसंत मिळत नाही.

कुठल्या काठावर उभं राहायचं

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि दोन हिवाळे मी उन्हाकडे तोंड करून काळ्या सावल्या बघितल्या. खाडी साधारण दक्षिणोत्तर आहे. शिवडी आणि भांडुप पश्चिम काठावर, तिथून आपण पूर्वेकडे बघतो. सकाळी सूर्य समोर येतो आणि सगळे पक्षी एकाच रंगाचे दिसतात. तिथे दुपारनंतर जा. ऐरोली, सीवूड्स, नेरूळ पूर्व काठावर. तिथे सकाळ उत्तम, ऊन पाठीशी असतं.

हे आणि तिथी जुळवली की दिवस आपोआप ठरतो. अष्टमीला भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी तीन ते पाच शिवडी किंवा भांडुपला पाणी चढत असतं आणि ऊन पाठीवर. पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी नऊ ते अकरा ऐरोलीच्या बाजूला.

शिवडीला जेट्टीवर उभं राहिलं की चिखल समोरच. अटल सेतूची सुरुवातही तिथूनच होते, त्यामुळे जागा आता पूर्वीसारखी निवांत राहिलेली नाही, तरी नवख्या माणसाला रोहित बघायला ती सोपी आहे. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोटीने खाडीत नेतात. बोटीच्या वेळा भरतीवर ठरतात आणि शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून नोंदणी आधी करा. बोटीतून मिळणारी एक गोष्ट काठावरून कधीच मिळत नाही: कांदळवनाच्या मुळांशी बसलेले पक्षी पाण्याच्या पातळीवरून दिसतात.

चालत जायची वाट म्हणाल तर माझी आवडती भांडुप पंपिंग स्टेशनची. पूर्व द्रुतगती मार्ग सोडला की पाच मिनिटांत वाहनांचा आवाज मागे पडतो. दोन्ही बाजूंना तिवर, मधे मधे पाणवनस्पतींनी भरलेली डबकी, आणि शेवटी खाडीचं उघडं पाणी. आत जाण्याचे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा फाटकावर नीट विचारा आणि सांगतील ते पाळा. या वाटेवर एकटं जाऊ नका. भटकी कुत्री असतात, वर्दळ कमी असते.

उधाणाच्या दिवशी ऐन भरतीला खाडीवर काहीच दिसत नाही, तेव्हा नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यालगतच्या तळ्यांवर जा. टी. एस. चाणक्यजवळची तळी, एन.आर.आय. संकुलामागची, नेरूळचं डी.पी.एस. तळं. चिखल बुडाला की रोहित आणि छोटे पाणपक्षी इथे येऊन एका पायावर झोपतात. या तळ्यांकडे बघून अनेकांना वाटतं, ही पडीक जागा आहे. ती पडीक नाही. खाडीचं ते झोपण्याचं घर आहे. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की तळं आटतं, आणि मग उधाणात पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही.

दुर्बीण, आणि ती डोळ्याला लावण्याची रीत

८×४२ ची दुर्बीण घ्या. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घ्यायचा मोह होतो, पण वाऱ्यात हात हलतो आणि चित्रही हलतं. विकत घेण्याआधी एक-दोन फेऱ्या कुणाची तरी मागून वापरा.

ती डोळ्यांना जुळवणं मात्र बहुतेक जण करतच नाहीत, आणि मग म्हणतात धूसर दिसतं. दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईल असं बघा. मग उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने एखादी पाटी स्पष्ट करा. आता डावा डोळा मिटा आणि उजव्या भिंगापाशी असलेलं छोटं कडं फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याने स्पष्ट करा. मधल्या चाकाला तेव्हा हात लावायचा नाही. हे एकदाच करायचं असतं, नंतर फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप आत दाबून ठेवा.

पक्षी दिसला की दुर्बिणीत डोकावून त्याला शोधत बसू नका. नजर पक्ष्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. दोन दिवस सराव केला की हात आपोआप बसतो.

बाकी सामान फार नाही. मळकट, हिरवे-तपकिरी कपडे, टोपी, पाणी, डास पळवणारं मलम, बंद बूट, आणि पेन्सिल. पेन भिजतं.

पहिल्या दिवशी फक्त सात-आठ पक्षी

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक ही की पहिल्याच दिवशी चिखलातले सगळे बारके तपकिरी पक्षी ओळखायला बसतात. ते भल्याभल्यांना जमत नाहीत. ठसठशीत ओळखीचे आधी पक्के करा.

शेकाट्यापासून सुरुवात करा. काळी-पांढरी अंगकाठी, आणि अंगाला न शोभतील इतके लांब गुलाबी-लाल पाय. एकदा पाहिला की विसरत नाही. मग बगळ्यांकडे वळा: मोठा बगळा, पिवळी बोटं आणि काळे पाय असलेला छोटा बगळा, आणि राखी बगळा, जो तासभर पुतळ्यासारखा उभा राहू शकतो. बसलेली वंचक, जिला आपण ढोकरी म्हणतो, मातीच्या रंगाची असते. उडाली की एकदम पांढरीशुभ्र. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला असतो. खंड्या तारेवर, टिटवी बांधावर. वर बघाल तर साध्या घारींमध्ये विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. तळ्यात काळं बदक वाटेल पण कपाळावर पांढरा टिळा असेल तर तो वारकरी. हे नाव मला नेहमी गोड वाटतं.

नावांबद्दल एक सांगते. मराठी नावं गावागणिक बदलतात, आणि निरीक्षकांच्या बोलण्यात इंग्रजी नावं सरसकट असतात. दोन्ही वहीत लिहा. कोळीवाड्यातल्या माणसाने तिसरं नाव सांगितलं तर तेही लिहा, कारण ते कुठल्या पुस्तकात सापडेलच असं नाही.

हे सात-आठ पक्के झाले की चिखलातल्या पाहुण्यांकडे वळा. हे सायबेरिया आणि मध्य आशियातून येतात. पहिले ऑगस्ट-सप्टेंबरात उतरतात, बहुतेक सगळे मार्च-एप्रिलमध्ये परततात. यांना रंगावरून ओळखायला जाऊ नका, हिवाळ्यात सगळेच करडे-तपकिरी असतात. तीन गोष्टी बघा: आकार, चोच, चाल.

आकारासाठी ओळखीचा पक्षी मोजपट्टी म्हणून धरा. चिमणीएवढा किंवा त्याहून लहान असेल तर बहुधा छोटा टिलवा. मैनेपेक्षा थोडा मोठा आणि पाय लालभडक असतील तर रेडशँक. कावळ्याहून मोठा, आणि वितीला थोडीच कमी भरेल एवढी लांब, खाली वाकलेली चोच असेल तर कर्ल्यू, मराठीत कोरल.

चोच म्हणजे त्या पक्ष्याचं हत्यार. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो पळतो, थबकतो, वरवर दिसलेला किडा टिपतो, पुन्हा पळतो. टिलवा मान खाली घालून शिवणयंत्रासारखी चोच चालवतो. गॉडविट आपली लांब सरळ चोच डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो. म्हणून एकाच चिखलात शेकडो पक्षी शेजारी शेजारी चरतात आणि भांडणं फारशी होत नाहीत, प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर वाढलेलं असतं. ही एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली की पक्ष्यांची नावं पाठ करायची गरज राहत नाही, ती चालीवरून आठवतात.

भांडुपच्या वाटेच्या टोकाशी एकदा एक रेडशँक माझ्यापासून आठ-दहा पावलांवर चरत होता. चोच खुपसली, थांबला, डोकं किंचित तिरकं केलं, आणि ओढायला लागला. चिखलातला लांब किडा रबरासारखा ताणत गेला. तुटू नये म्हणून तो मधेच ओढ सैल करायचा, मग पुन्हा हळू ताण द्यायचा. निघाला तसा पाण्यात दोनदा खळबळून धुतला आणि गिळला. शेजारी एक निवटी, म्हणजे चिखलात राहणारा छोटा मासा, पोटावर सरकत होती, आणि एक नांगी भलीमोठी असलेला खेकडा बिळाच्या तोंडाशी ती नांगी हलवत होता. वीस मिनिटं मी जागची हलले नाही. त्या वीस मिनिटांत जेवढं शिकले तेवढं चाळीस पक्ष्यांची यादी करून शिकले नव्हते.

रोहितांसाठी

रोहित साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मेपर्यंत असतात. जानेवारी ते एप्रिल गर्दी मोठी. गुजरातेत कच्छच्या रणात ते वीण करतात. ठाण्याच्या खाडीत काही वर्षी त्यांची गणती लाखाच्या पुढे गेली आहे.

दोन जाती असतात. मोठा रोहित उंच, बराचसा पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोटा रोहित बुटका, गडद गुलाबी, आणि त्याची जवळजवळ सगळी चोच गडद लाल-काळसर. खाडीत छोटेच जास्त. करडे, मळके दिसणारे आजारी नसतात, ती पिल्लं असतात; गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. तो रंग खाण्यातून येतो, छोट्या रोहिताच्या बाबतीत मुख्यतः सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळातून.

दुर्बीण रोहिताच्या डोक्यावर रोखा. रोहित डोकं उलटं करून खातो, वरची चोच खाली. जीभ पंपासारखी मागे-पुढे होते, पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून गाळून बाहेर येतं. जवळून ऐकलं तर सगळ्या थव्याचा मिळून सतत एक कुजबुजल्यासारखा आवाज येत असतो.

चिखलात उतरू नका

हे हात जोडून सांगते. वरून टणक दिसणारा चिखल गुडघाभर, कधी मांडीभर आत घेतो, आणि त्याच वेळी मागून पाणी चढत असतं. चांगला फोटो मिळावा म्हणून दोन पावलं पुढे गेलेल्या एका मुलाला आम्ही दोरी टाकून बाहेर काढलंय. कोळी लोक उतरतात, पण त्यांना कुठे पाय ठेवायचा ते पिढ्यान्पिढ्या माहीत आहे.

दुसरं कारण पक्ष्यांचं. हा पाहुणा इथे सहलीला आलेला नाही. मार्चमध्ये हजारो किलोमीटर उडायचं तर अंगावर चरबी हवी, आणि ती साठवायला रोज मोजके तास मिळतात, तेवढेच जेवढे चिखल उघडा असतो. आपण थवा उडवला की त्याचं जेवणही जातं आणि साठवलेली ताकदही. चरणाऱ्या पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे बघितलं, म्हणजे आपण पुरेसे जवळ आलोय. तिथेच थांबा. उडणारा थवा फोटोत सुंदर दिसतो म्हणून दगड मारणारे, टाळ्या वाजवणारे लोक मी पाहिलेत. तसं कुणी करत असेल तर सांगा, शांतपणे पण सांगा.

ड्रोन उडवू नका. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-गाठी घालू नका. ते त्यांचं अन्न नाही. उन्हाळ्यात तळ्याच्या कडेला टिटवी किंवा शेकाट्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागले तर जवळपास अंडी आहेत असं समजून आल्या पावली मागे फिरा, आणि घरट्याचा फोटो कुठेही टाकू नका.

वहीत काय लिहायचं

तारीख, तिथी, जागा, वेळ, भरतीची वेळ, आणि मग पक्षी, आकड्यासकट. नक्की मोजता येत नसेल तर थव्यातले दहा मोजा, ते दहा किती जागा व्यापतात ते बघा, आणि तेवढे तुकडे पाडत जा. ओळखता न आलेल्या पक्ष्याचं नाव ठोकून देऊ नका. चोच, पाय, आकार, काय करत होता ते लिहा, वेडंवाकडं चित्र काढा. घरी येऊन यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा, म्हणजे अभ्यासकांना वापरता येते. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसलं तर त्याचा फोटो काढून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ पासूनची ही संस्था पक्ष्यांना कडी घालून त्यांचे प्रवास शोधते.

सोबत हवी असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह बघा. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा २०२० पासून साजरा होतो, आणि त्या दिवसांत जागोजाग जाणत्यांबरोबर फेऱ्या निघतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. तिथे मोजणाऱ्याच्या शेजारी उभं राहून आकडे लिहून घ्यायचं काम नवखाही करू शकतो, आणि खूप शिकतो.

जागा मात्र सुरुवातीला बदलू नका. एकच ठिकाण निवडा आणि एकाच महिन्यात तीनदा जा: एकदा उधाणाला, एकदा भांगाला, एकदा पूर्ण ओहोटीला. पुढे गोव्याला गेलात तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरा. तिथल्या सालिम अली पक्षी अभयारण्यात कांदळवनातून जाणारी पायवाट आहे. भरतीची वेळ तिथली वेगळी असते, ती आदल्या रात्रीच बघून ठेवा.